वडाप, टॅक्सी आणि वाट पाहण्याची किंमत

आमच्या गावच्या फाट्यावर एक जुने लिंबाचे झाड आहे. अर्थशास्त्राचा पहिला धडा मी त्या झाडाखाली शिकलो, असे आज म्हणावयास हरकत नाही. त्या वेळी मात्र तो धडा आहे हे ठाऊक नव्हते. पाय दुखतात एवढेच कळत होते. झाडाखाली वडापची जीप उभी असे. 'भरली की सुटली' हा तिचा एकमेव नियम. सकाळी पहिला येऊन बसणारा सर्वांत जास्त वेळ ताटकळत राही आणि शेवटी धावत येऊन दांडीला लोंबकळणाऱ्याला क्षणभरही थांबावे लागत नसे. भाडे मात्र दोघांनाही सारखेच! बाजाराच्या दिवशी आई मेथीच्या पेंड्यांची पाटी घेऊन त्या जीपमध्ये पहिली जाऊन बसे. "लवकर बसलं म्हंजे जागा मिळतीया," असे ती म्हणे. जागा मिळे, पण तासभर ती तशीच बसून असे. एकटीने जीप करून जायचे तर साऱ्या जागांचे पैसे मोजावे लागले असते आणि पाटीतली सगळी मेथी विकूनही ते भागले नसते. तेव्हा आई पैशाऐवजी वेळ मोजीत होती.

पुढे मी शिकलो, प्राध्यापक झालो, आणि हाच व्यवहार मला मोबाईलच्या पडद्यावर नव्या कपड्यांत पुन्हा भेटला. ॲपवरून टॅक्सी मागवताना 'एकट्याने जा' आणि 'दुसऱ्यांबरोबर जा' असे दोन पर्याय समोर येत. दुसरा स्वस्त, पण त्यात थोडे थांबावे लागे, थोडे वळणे घेत जावे लागे. थांबा आणि पैसे वाचवा, एवढाच त्याचा मथितार्थ. हा सौदा नेमका कसा जुळतो, त्यात कोणाचे किती वाचते आणि कोणाचे काय जाते, हे आपण या लेखात पाहू. विषय अर्थशास्त्राचा असला तरी आकडेमोड पाचवीच्या पुढची नाही, तेव्हा इतर विभागांच्या विद्यार्थ्यांनी पान उलटू नये ही विनंती.

सहा आठवड्यांचा हिशेब

सन २०१८ मध्ये आईच्या आजारपणामुळे आम्ही सहा आठवडे मुंबईत होतो. मुक्काम घाटकोपरला मामांकडे. परळच्या एका रुग्णालयात आठवड्यातून पाच दिवस, असे एकूण ३० वेळा तिला किरणोपचारासाठी न्यावयाचे होते. लोकलच्या गर्दीत तिला चढवणे अशक्यच होते. मामेभावाने माझ्या मोबाईलवर टॅक्सीचे ॲप घालून दिले. कोणत्या कंपनीचे ते येथे महत्त्वाचे नाही. आमची एकट्यांची टॅक्सी केली तर २६० रुपयांच्या आसपास पडत. दुसऱ्या प्रवाशांबरोबर जाण्यास तयार झालो तर आम्हा दोघांचे मिळून १७०.

दर फेरीमागे ९० रुपयांची बचत. पहिले तीन दिवस मी जाता-येता दोन्ही वेळा स्वस्त पर्याय घेतला आणि तिसऱ्या दिवशी आमची नंबराची वेळ चुकली. ती चुकल्यावर पुढचा अख्खा दिवस बाकावर गेला. तेव्हा चौथ्या दिवसापासून नियम केला : जाताना स्वतंत्र टॅक्सी, येताना वाटून घेतलेली. जाताना घड्याळ आमच्या मानगुटीवर बसलेले असे. येताना घरी कोणी वाट पाहत नव्हते. माणूस तोच, रस्ता तोच, पण सकाळच्या मिनिटाची किंमत वेगळी आणि दुपारच्या मिनिटाची वेगळी. पाठ्यपुस्तकात ग्राहकाच्या पसंतीची वक्ररेषा मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढीत आलो होतो. ती अशी अंगावरून गेल्यावर अधिक नीट समजली.

येतानाच्या ३० फेऱ्यांचे ९० रुपयांप्रमाणे २७०० रुपये होतात. त्या दिवसांत २७०० रुपये ही आमच्या लेखी लहान रक्कम नव्हती.

जोडी कशी जुळते?

आता प्रश्न असा की, थांबल्याने स्वस्त का व्हावे? याचे उत्तर जोड्यांच्या हिशेबात आहे. समजा, एखाद्या भागातून दर मिनिटाला दोघेजण टॅक्सी मागवतात. संगणकाने एकच मिनिट वाट पाहिली तर त्याच्याजवळ दोन प्रवासी जमतील आणि त्यांची जोडी एकच होऊ शकेल. त्यातला एक दादरहून मुलुंडला आणि दुसरा दादरहून कुलाब्याला निघालेला असेल तर ती एक जोडीही कुचकामाची. दोन मिनिटे थांबले तर चार प्रवासी जमतात आणि संभाव्य जोड्या ६ होतात. पाच मिनिटे थांबले तर प्रवासी १०, पण जोड्या ४५! दहा मिनिटांत प्रवासी २० आणि जोड्या १९०. म्हणजे वेळ पाचपट वाढविला तर निवडीला वाव पंचेचाळीसपट वाढतो. या ४५ जोड्यांतून ज्यांचा रस्ता जवळजवळ एकच आहे अशा जोड्या निवडता येतात. गाडीला वळसा कमी पडतो, एकाच फेरीत दोन भाडी मिळतात आणि म्हणूनच प्रत्येकाला सवलत देणे परवडते.

मग तासभरच का थांबू नये? कारण जोड्या ४५ असल्या तरी १० माणसांच्या प्रत्यक्षात पाचच जोड्या लागणार. बाकीची सारी निव्वळ निवड. लग्नासाठी स्थळे पाहण्यासारखेच हे आहे. पहिल्या स्थळापेक्षा दहा स्थळांतून निवडलेले बहुधा बरे असते. पण चाळीस स्थळे पाहिलेल्याला दहा पाहिलेल्यापेक्षा चौपट चांगला जोडीदार मिळतो असे कोणी सांगितले आहे? उलट दरम्यान वय वाढते. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम तो हाच. सुरुवातीच्या मिनिटांचा लाभ मोठा, पुढच्या मिनिटांचा लहान, आणि प्रवाशाचा संताप मात्र मिनिटागणिक वाढत जाणारा.

दुसरी अट दाटीची. रात्री अकरा वाजता एखाद्या उपनगरात दहा मिनिटांत एकच माणूस टॅक्सी मागवीत असेल तर थांबून काय मिळणार? तेथे वाट पाहणे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडणे. याची दुसरी बाजू हर्बर्ट मोहरिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये बसवाहतुकीच्या संदर्भात दाखवून दिली. इतर वस्तूंना गिऱ्हाइके वाढली की रांग वाढते. सार्वजनिक वाहतुकीत प्रवासी वाढले की गाड्या वाढवता येतात आणि प्रत्येकाची वाट पाहणे कमी होते. त्याच्या साध्या सूत्राप्रमाणे प्रवासी चौपट झाले तर गाड्यांच्या फेऱ्या दुपटीने वाढवणे योग्य ठरते आणि थांबण्याचा वेळ निम्मा होतो. चर्चगेट स्थानकाबाहेर सकाळी नरिमन पॉइंटला जाणाऱ्या शेअर टॅक्सीकडे पाहा. टॅक्सी येते, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच भरते आणि निघते. तेथे माणसे गाडीची वाट पाहतात. आमच्या फाट्यावर गाडी माणसांची वाट पाहते. व्यवहार एकच, फरक दाटीचा.

कागदावर आणि रस्त्यावर

कागदावर ही कल्पना किती भव्य दिसते पाहा. पाओलो सांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या २०११ या एका वर्षातील सुमारे १५ कोटी फेऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रवाशांनी थोडीशी गैरसोय सोसून फेऱ्या वाटून घेतल्या तर टॅक्सींनी तोडावयाचे एकूण अंतर ४० टक्के किंवा त्याहूनही अधिक कमी होऊ शकते, असे त्यांना आढळले. २०१७ मध्ये हाविएर अलोन्सो-मोरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच शहराचा आणखी एक हिशेब मांडला. तेथे त्या वेळी १३ हजारांहून अधिक टॅक्सी होत्या. चार प्रवाशांच्या केवळ ३००० गाड्यांनी मागणीचा ९८ टक्के भाग पुरा करता येईल; सरासरी थांबणे २.८ मिनिटे आणि सरासरी विलंब ३.५ मिनिटे! मात्र हा हिशेब प्रत्येक जण वाटून प्रवास करण्यास राजी आहे असे धरून केलेला आहे, हे विसरता कामा नये. कागदावरचा प्रवासी कधी नाही म्हणत नाही.

रस्त्यावरची हकिकत अशी. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे उबर आणि लिफ्ट या दोन कंपन्यांनी वाटून प्रवासाची सेवा सुरू केली. भारतात उबरची 'पूल' आणि ओलाची 'शेअर' ही सेवा २०१५ मध्ये आली. या पहिल्या प्रकारात प्रवाशाला फारसे थांबवीत नसत. गाडी त्याच्या दारात येई आणि वाटेत दुसरा प्रवासी सापडला तर घेई. न सापडला तर सवलतीचा भार कंपनीवर. रिकाम्या जागा घेऊन निघालेल्या जीपसारखी ही स्थिती झाली, आणि आमच्या फाट्यावरचा कोणताही ड्रायव्हर असे करणार नाही.

म्हणून फेब्रुवारी २०१८ मध्ये उबरने अमेरिकेतील काही शहरांत 'एक्स्प्रेस पूल' नावाचा प्रकार आणला. त्यात मागणी नोंदविल्यावर लगेच गाडी मिळत नसे. संगणक एक-दोन मिनिटे थांबून माणसे जमवी, जोड्या लावी, आणि मग प्रवाशाला 'अमुक कोपऱ्यापर्यंत चालत या' असे सांगे. उतरल्यावरही थोडे चालावे लागे. मोबदल्यात भाडे साध्या पूलपेक्षा निम्म्यापर्यंत कमी. आता यात नवे ते काय? थांबा, फाट्यापर्यंत चालत या, गाडी भरू द्या. आमच्या वडापवाल्यांनी हे कोणत्याही संगणकाशिवाय केव्हाच शोधून काढले होते.

किती थांबवावे याचा मात्र त्यांनी पद्धतशीर शोध घेतला, तो सांगण्याजोगा आहे. बोस्टन शहरात कंपनीपुढे प्रश्न होता : दोन मिनिटे थांबवावे की पाच? साधी रीत अशी की, निम्म्या प्रवाशांना दोन मिनिटे द्यावीत, निम्म्यांना पाच, आणि फरक पाहावा. औषधांच्या चाचण्या अशाच होतात. पण येथे ते चालत नाही, कारण सारे प्रवासी त्याच गाड्यांत बसणार. एकाच जीपमधल्या निम्म्या उतारूंना 'लगेच सुटते' आणि निम्म्यांना 'थांबून सुटते' असे सांगून काय कळणार? म्हणून त्यांनी शहरच पालटते ठेवले. काही काळ सबंध शहराला दोन मिनिटे, पुढचा काही काळ सबंध शहराला पाच, अशी आळीपाळी. मग दोन्ही प्रकारच्या पाळ्यांची तुलना. प्रयोगाची ही रीत संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी. माणसे एकमेकांत गुंतलेली असतात तेव्हा प्रयोग माणसांवर नव्हे, तर काळाच्या तुकड्यांवर करावा लागतो.

मिनिटाचा भाव

आता आमच्या ९० रुपयांकडे परत येऊ. वाटून घेतलेल्या टॅक्सीने घरी पोहोचावयास आम्हाला साधारणपणे २५ मिनिटे जास्त लागत. माणसे दोन, म्हणजे एकूण ५० मिनिटे. ९० रुपयांना ५० ने भागले तर मिनिटाला १ रुपया ८० पैसे, म्हणजे दर माणशी तासाला १०८ रुपये पडतात. ज्याच्या एका तासाची किंमत १०८ रुपयांहून कमी त्याने थांबावे, ज्याची जास्त त्याने स्वतंत्र टॅक्सीने जावे. हिशेब सरळ आहे. गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये वेळेच्या वाटपाचा सिद्धान्त मांडला, त्याचे सारही असेच काहीसे आहे : प्रत्येक वस्तूला दोन किमती असतात, एक खिशातून जाणारी आणि दुसरी घड्याळातून जाणारी.

हा हिशेब मी एका संध्याकाळी आईला समजावून सांगितला. त्या वर्षी आमच्या गावात भांगलणीला बाईमाणसाला दिवसाची मजुरी २०० रुपये होती. आई ऐकून म्हणाली, "म्हंजे हितं दोन तास नुस्तं गाडीत बसलं तर भांगलणीच्या दिवसापरास जास्त पडत्यात की!" तिला हा सौदा फारच किफायतीचा वाटला, आणि ती उद्यापासून सकाळीही वाटून जाऊ म्हणू लागली. माझ्या लक्षात आले की, 'वेळेची किंमत' हा शब्द आपण जितक्या सहज वापरतो तितका तो निष्पाप नाही. ज्याची मजुरी थोडी त्याचा वेळ स्वस्त, असा त्याचा अर्थ होतो. आणि म्हणून जगात जेथे जेथे थांबून पैसे वाचतात त्या प्रत्येक रांगेत गरीब माणूसच उभा दिसतो. रेशनच्या दुकानात, सरकारी दवाखान्यात आणि फाट्यावर. त्याने थांबणे 'पसंत' केले असे आमचे शास्त्र म्हणते. ते खोटे नाही. पण पसंती करताना त्याच्या खिशात काय होते हेही त्याच ओळीत लिहिले पाहिजे.

शिवाय सारी मिनिटे सारखी नसतात. वाहतुकीचे नियोजन करणारे तज्ज्ञ थांब्यावर उभे राहण्याचे एक मिनिट गाडीत बसलेल्या सुमारे दोन मिनिटांइतके जड धरतात. अनिश्चित मिनिट त्याहून जड. 'दहा मिनिटांनी गाडी' असे कळले तर माणूस चहा पिऊन येतो. 'येईलच इतक्यात' असे कळले तर तो मान वर करून उभा राहतो. पहिला दहा मिनिटे मोकळा असतो, दुसरा दहा मिनिटे बांधलेला. आणि दुखणाईत माणसाच्या मिनिटाचा भाव तर कोणत्याच कोष्टकात नाही, हे मला पुढच्या प्रसंगाने शिकविले.

कुर्ल्याची गल्ली

उपचारांचा पाचवा आठवडा होता. त्या दिवसांत आईला अन्नावरची वासना राहिली नव्हती आणि वास सहन होत नसे. दुपारी परळहून निघालो. दादरला एक मुलगी पुढच्या सीटवर बसली. तिलाही घाटकोपरलाच जावयाचे होते. म्हणजे जोडी अगदी उत्तम जुळली होती. शीवपर्यंत सारे ठीक होते. तेथे ड्रायव्हरच्या मोबाईलवर घंटी वाजली, तिसरा प्रवासी आला, आणि गाडी हमरस्ता सोडून कुर्ल्याच्या एका अरुंद गल्लीत शिरली. एका दुकानापुढे आम्ही उभे राहिलो. प्रवासी दिसेना. ड्रायव्हरने फोन लावला, तो कोणी उचलीना. मागून हॉर्न, पुढे हातगाडी, बाजूला उघडे गटार. पाच मिनिटे गेली, सात गेली. आईने पदर तोंडाशी धरला.

मी म्हणालो, "अहो, चला ना आता." ड्रायव्हर खेडचा होता, वयाने तरुण, बोलायला नम्र. तो म्हणाला, "साहेब, ठरलेला वेळ संपल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. लोकांना वाटतं, दोन भाडी म्हणजे आम्हाला दुप्पट. तसं नाही. दोनदा थांबा, दोनदा पत्ता शोधा, आणि दोघांची बोलणी खा." मग तो मागे वळून आईला म्हणाला, "मावशी, काच खाली करू का?" काच खाली केल्यावर गटाराचा वास आत आला. शेवटी पुढची मुलगी आपण होऊन उतरली. "आजी, तुम्ही पुढे बसा, मी मागे येते," असे म्हणून तिने आईला हात दिला आणि आपली पाण्याची बाटली तिच्या हाती ठेवली. तो तिसरा प्रवासी अखेर आलाच नाही.

घरी पोहोचल्यावर आई बराच वेळ डोळे मिटून पडली. मला अपराधी वाटत होते. ९० रुपयांसाठी मी तिला त्या गल्लीत बसविले होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "वडापात बसलं म्हंजे दिसतंय तरी, गाडी कुणासाठी उभी हाय ते. पाटी घिऊन बाई पळत येती, आपुनच म्हणतो, थांब रं जरा. आन् लईच येळ झाला तर समदी वरडत्यात, चल की आता! हितं कुणासाठी थांबलो, कुणाला वरडायचं, कायबी कळत न्हाई बघ."

मी अर्थशास्त्राची पंचवीस वर्षे नोकरी केली, पण या व्यवहारातले वर्म मला इतक्या थोड्या शब्दांत कधी सांगता आले नव्हते. वडापमध्येही आपण दुसऱ्यासाठी थांबतो, ॲपमध्येही थांबतो. पण वडापमध्ये थांबणाऱ्याला गाडीत किती जागा रिकाम्या आहेत ते दिसते, कोण येत आहे ते दिसते, आणि फार झाले तर सर्वांनी मिळून ओरडण्याची सोय असते. ॲपमध्ये हा सारा हिशेब संगणकाच्या पोटात. किती वेळ थांबवावयाचे ते एकजण ठरवितो, थांबतो दुसरा, आणि त्या थांबण्यातून वाचलेल्या पैशांपैकी थांबणाऱ्याला किती मिळाले हे त्याला कधीच कळत नाही. त्या ड्रायव्हरलाही कळत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून उरलेले दिवस आम्ही दोन्ही वेळा स्वतंत्र टॅक्सीने गेलो. २७०० रुपयांची बचत पुरी झाली नाही.

रस्त्याचे काय?

वाटून प्रवास केल्याने रस्त्यावरची गर्दी कमी होते, असा या सेवेच्या बाजूने नेहमीचा युक्तिवाद. दोन गाड्यांऐवजी एक गाडी, हे तर उघड आहे. पण त्या दोन प्रवाशांपैकी एक जण पूर्वी टॅक्सीने नव्हे, बसने जात असेल तर? मग रस्त्यावरून गाडी कमी झाली नाही; बसमधून माणूस कमी झाला. ब्रूस शॅलर या वाहतूकतज्ज्ञाने २०१८ च्या आपल्या अहवालात अमेरिकन शहरांबाबत असेच बजावले होते : स्वस्त वाटाघाटीच्या फेऱ्यांकडे वळणारे अनेक प्रवासी बस, रेल्वे किंवा पायी चालणे सोडून येतात, आणि म्हणून वाटून घेतलेल्या फेऱ्या धरल्या तरी रस्त्यावरची एकूण धाव वाढतेच.

हे भांडण नवीन नाही. १९१४ मध्ये लॉस एंजेलिस शहरात काही मोटारमालक ट्रामच्या मार्गावरून पाच सेंटमध्ये उतारू नेऊ लागले. त्या नाण्याच्या बोलीभाषेतील नावावरून या गाड्यांना 'जिटनी' म्हणत. वर्षभरात त्या अमेरिकाभर पसरल्या. ट्राम कंपन्यांनी ओरड केली, नगरपालिकांनी परवाने आणि तारणाच्या अटी घातल्या, आणि थोड्याच वर्षांत बहुतेक जिटनी नाहीशा झाल्या. आमच्याकडे एस.टी. आणि वडाप यांचा जो वाद वर्षानुवर्षे चालू आहे त्याचे रूप याहून निराळे नाही. वडाप भरलेल्या वाटेवरचे उतारू उचलते. रिकाम्या वाटेवरच्या वाडीला मात्र एस.टी.च जाते.

कायद्याचीही येथे एक गाठ आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दोन जाती आहेत. एक टप्पा वाहतुकीचे वाहन : ते वाटेत उतारू घेते, उतरविते, प्रत्येकाकडून वेगळे भाडे घेते, उदाहरणार्थ, एस.टी. दुसरे कंत्राटी वाहन : ते एका कराराने सबंध ठरविले जाते आणि करारात नसलेला उतारू वाटेत घेत नाही, उदाहरणार्थ, टॅक्सी. मग वाटेत तिसरा प्रवासी घेणारी ॲपची टॅक्सी कोणत्या जातीची? २०१७ मध्ये कर्नाटकाच्या परिवहन खात्याने हाच आक्षेप घेऊन अशा सेवा नियमबाह्य ठरविल्या होत्या. वडापवर वर्षानुवर्षे जो शिक्का आहे तोच हा. फरक एवढाच की, वडापवाल्याला फाट्यावर पावती फाडावी लागते.

पुढे मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली आणि अनोळखी माणसाशेजारी बसणे हाच गुन्हा झाला. उबर, लिफ्ट, ओला या साऱ्यांनी वाटून प्रवास बंद केला. उबरने २०२२ मध्ये अमेरिकेत तो वेगळ्या नावाने पुन्हा आणला. या खेपेला बोध घेतलेला दिसतो : आधी थोडी सवलत, सोबती खरोखरच मिळाला तर अधिक, आणि उशीर सरासरी आठ मिनिटांहून जास्त होऊ नये असे धोरण. लिफ्टने मात्र २०२३ मध्ये ही सेवा गुंडाळली; पण 'थांबा आणि वाचवा' हा पर्याय तिने ठेवला. त्यात सोबती नाही, केवळ थांबणे आहे. गाडी सोईने मोकळी होईपर्यंत थांबलात तर भाडे कमी. म्हणजे शेजाऱ्याची सोबत लोकांना नको झाली, तरी वेळ देऊन पैसा वाचविणे मात्र हवेच आहे.

तात्पर्य

थांबून पैसे वाचविणे यात वाईट काही नाही. माझ्या आईने त्याच मार्गाने आम्हाला शिकविले. पण हा सौदा चोख व्हावयाचा असेल तर तीन गोष्टी हव्यात. किती थांबावे लागेल ते आधी सांगितले पाहिजे आणि ते पाळले पाहिजे. कोणासाठी थांबलो आहोत ते दिसले पाहिजे. आणि थांबणाऱ्याच्या वेळातून जे वाचते त्यातला रास्त वाटा त्याच्या आणि गाडी हाकणाऱ्याच्या पदरात पडला पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी उद्या कोणी अशा ॲपचे काम करील, कोणी परिवहन खात्यात बसेल. त्यांनी या तीन गोष्टी स्मरणात ठेवाव्यात.

आई आता बरी आहे. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून तिने आपला हिशेब नव्याने मांडला आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी तिला बाजाराला सोडावयास फाट्यापर्यंत गेलो होतो. लिंबाखाली वडापची जीप उभी होती आणि तीत दोनच जागा रिकाम्या होत्या. "बस की, लगेच सुटेल," मी म्हणालो. आईने पिशवी मांडीवर घेतली आणि झाडाच्या पारावर बैठक मारली.

"जाऊ दे ती. माझी यस्टी यील अर्ध्या तासात. अर्धं तिकीट हाय," ती म्हणाली.

जीप भरली आणि सुटली. मीही मग तिच्याशेजारी पारावर बसलो.